जो खोलेल, तोच जोडेल

कारखाना उघडायचा तो आधी नदीकडून आणि मग रस्त्याकडून, हा क्रम अण्णांनी घालून दिला होता. अण्णा जाऊन चार वर्षं झाली होती, तरी त्यांच्या मुलीनं, चिमटीनं, तो मोडला नव्हता. नदीकडचं शटर वर सरकलं की ओला वारा आत घुसे आणि रात्रभर कोंडलेला पेट्रोल-ग्रीसचा वास पुढच्या बाजूला ढकलत नेई. मग ती चाचणीच्या टाकीतल्या पाण्यावर जमलेली तेलाची साय जाळीनं काढी, ठिबकणाऱ्या मशीनखाली लाकडाचा भुसा पसरी आणि भिंतीवरच्या पान्यांवरून एक नजर फिरवी. फळीवर प्रत्येक पान्याची आकृती पांढऱ्या रंगानं काढलेली होती, त्यामुळे एखादा जागेवर नसला की पडलेल्या दातासारखी फट दिसे.

त्या सकाळी फट नव्हती. सगळे पाने जागेवर होते. पण मधल्या मापाचा रिंग पाना उलटा टांगलेला होता, त्याचं तोंड भिंतीकडे होतं.

चिमटी तिथंच थांबली. तिनं पान्याला हात लावला नाही. कोपऱ्यातल्या लाकडी घोडीवर ताडपत्रीखाली जे मशीन उभं होतं, त्याकडे ती वळली. अण्णांच्या होडीची ती जुनी मोटर नदीतून काढल्यापासून कुणी उघडी केली नव्हती. आईनंच तशी ताकीद दिली होती. ताडपत्रीची दोरी चिमटीनं स्वतः बांधलेली, होडी बांधायच्या गाठीनं. आता तिथं गाठीवर गाठ मारून ठेवलेली होती, दुकानातल्या पुड्याला मारतात तशी.

तिनं ताडपत्री सोडली. मोटरच्या खालच्या पायावर, जिथं दातऱ्यांची पेटी असते, तिथल्या चार बोल्टांपैकी एकाच्या डोक्यावरचा गंज खरवडला गेला होता आणि खालचं लोखंड चकाकत होतं. ती खूण ताजी होती.

म्हणजे कालपासून आजपर्यंत कुणीतरी इथं येऊन गेलं होतं. कुलपाच्या किल्ल्या दोनच होत्या, एक तिच्या कमरेला आणि दुसरी दादाच्या खिशात.

"एवढ्या लवकर?" मागून दादाचा आवाज आला. तो चहाचे दोन कप घेऊन जिन्यावरून उतरत होता. घर कारखान्याच्या वरच होतं आणि जिना थेट आत उतरत असे, पण जिन्याच्या दाराचं कुलूपही त्याच किल्लीनं उघडे.

"रोजचीच वेळ आहे. दादा, ताडपत्रीला हात कुणी लावला?"

"वाऱ्यानं सुटली असेल."

"वारा गाठ सोडेल. पुन्हा बांधून जाणार नाही."

दादानं एक कप तिच्यापुढं ठेवला, दुसऱ्यावर फुंकर घातली. "आईच्या कानावर असलं काही घालू नकोस. आजचा दिवस आधीच जड आहे."

दिवस जड होता तो काकांमुळे. अण्णांचे धाकटे भाऊ काका चार वर्षांपूर्वी या कारखान्यातून गेले, ते पलीकडच्या काठावर दगडाच्या खाणीत पंपावर राखणदार म्हणून राहिले. आता खाण बंद पडली होती. राहायची खोलीही गेली होती. परवा नावाड्याबरोबर त्यांनी दोन शब्दांचा निरोप पाठवला होता. वहिनींना विचार, येऊ का. वहिनी म्हणजे आई. आईनं रात्रभर विचार केला आणि सकाळी नावाड्याला सांगितलं, शनिवारच्या शेवटच्या होडीनं या म्हणावं, पण सामान होडीतच राहू द्या, उतरवायचं की नाही ते आल्यावर सांगू. मग ती मुलांकडे वळली होती.

"तोवर ते मशीन खोला. आत काय निघतं ते मला बघायचंय. चूक भाऊजींची असेल तर ते त्याच होडीनं परत जातील. नसेल तर वरची खोली त्यांची."

तो शनिवार आज होता.

*

आई जिन्याखाली खुर्ची टाकून बसली. तिनं विणकाम आणलं होतं, पण सुया मांडीवर आडव्याच पडून होत्या. वहिनी, म्हणजे दादाची बायको, शेवटच्या पायरीवर टेकली. वरच्या खोलीत तिची शिवणयंत्रं होती, तीन बायका तिच्याकडे कामाला येत. काका आले तर ते सगळं कुठं हलवायचं हा प्रश्न तिनं तोंडानं विचारला नव्हता. पण गेले दोन दिवस त्या खोलीतली यंत्रं तिनं नेहमीपेक्षा जोरात चालवली होती.

"वन्सं, किती वेळ लागेल?" तिनं विचारलं.

"गंजावर आहे. त्यानं सोडलं तर दुपारपर्यंत."

"आणि नाही सोडलं तर?"

"मग तुमच्या नवऱ्याला बोलवीन. त्याला एक बोल्ट ओळखीचा झालेला दिसतोय."

वहिनीनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा टाकीच्या काठावरचा गंज नखानं खरवडण्यात अचानक गुंग झाला.

चिमटीनं कामाच्या उंच पाटावर जुनं, धुतलेलं कापड अंथरलं. तिला हे नाव अण्णांनीच दिलेलं. पक्कड जिथं पोचत नाही तिथं या पोरीची बोटं पोचतात, म्हणून. चाळिशीला आली तरी नदीकाठचा अख्खा धक्का तिला चिमटीच म्हणे, आणि नवीन गिऱ्हाईक 'चिमटीबाई' म्हणे तेव्हा दादाला हसू आवरत नसे. अण्णांची रीत होती की सुटा होणारा प्रत्येक भाग ज्या क्रमानं निघेल त्याच क्रमानं कापडावर डावीकडून उजवीकडे मांडायचा. दुसरी रीत त्याहून कडक होती आणि धक्क्यावर सगळ्यांना पाठ होती. जो खोलेल, तोच जोडेल. एकानं उघडलेल्या मशीनला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, मालकानंही नाही. कारण कुठला भाग कुठं ठेवलाय, कुठल्या बोल्टनं त्रास दिलाय, हे ज्यानं खोललं त्याच्याच बोटांना माहीत असतं.

काका त्याच रीतीत सापडले होते. चार वर्षांपूर्वी ही मोटर त्यांनी खोलायला घेतली. मोटरला थंड ठेवण्यासाठी नदीचं पाणी वर ओढणारं एक रबरी चाक असतं, ते बदलायचं होतं. अर्धं काम झाल्यावर काका अण्णांना म्हणाले, दादा, हिच्यात आता जीव नाही, भंगारात घाल आणि नवी घे. अण्णा म्हणाले, माझ्या मशीनला भंगार म्हणणाऱ्यानं माझ्या कारखान्यात उभं राहू नये. शब्दानं शब्द वाढला. काकांनी हात पुसले आणि ते पलीकडच्या काठाला निघून गेले. तिसऱ्या दिवशी अण्णा तीच मोटर लावून होडी घेऊन गेले. पात्राच्या मध्यावर मोटर तापून जाम झाली. धरणाच्या भिंतीकडे जाणाऱ्या ओढीनं होडी उलटली. होडी सापडली, मोटर सापडली, अण्णा दुसऱ्या दिवशी सापडले.

काका एकदाच म्हणाले होते, "मी ती जोडलीच नव्हती."

"मग काय भुतानं जोडली?" असं दादानं सगळ्या धक्क्यासमोर विचारलं होतं. खोलली काकांनी हे सगळ्यांनी पाहिलं होतं. ती जोडलेली सापडली हेही सगळ्यांनी पाहिलं. या कारखान्यात दुसऱ्याच्या उघड्या कामाला कुणी हात लावत नाही. तेव्हा रागाच्या भरात जाता जाता काकांनीच ती कशीबशी बंद केली असणार. हिशेब सरळ होता, इतका सरळ की कुणी तो पुन्हा तपासला नाही.

*

आधी पंखा निघाला. पंख्याच्या नटाला आडवी घातलेली स्प्लिट पिन चिमटीनं सरळ न करता तशीच कापून काढली आणि आईपुढं धरली. पिनेचं एक टोक वर दुमडलं होतं, एक खाली.

"हा अण्णांचा हात आहे," ती म्हणाली. "काका दोन्ही टोकं बाजूला वळवतात. मिशा काढल्यासारखी."

"त्यानं काय सिद्ध होतं?" दादा टाकीपासून पुढं आला. "पंख्यात शेवाळ अडकायचं. अण्णा आठवड्याला पंखा काढायचे. पिन त्यांचीच असणार."

"मी काही सिद्ध करत नाहीये. मांडत चाललेय."

"मांडताना बोलतेस मात्र वकिलासारखी."

"आणि तू ऐकतोस आरोपीसारखा."

"बास," आई म्हणाली.

खालच्या पायाचे बोल्ट सुटायला वेळ लागला. चिमटीनं गंजावर तेल सोडलं, वाट पाहिली, पुन्हा सोडलं. चकाकणाऱ्या बोल्टाशी ती मुद्दाम शेवटी आली. पाना लावला आणि तशीच थांबली.

"दादा, हा तू फिरवायला बघितलास."

वहिनी पायरीवरून उठून उभी राहिली.

"काल जेवणं झाल्यावर तुम्ही खाली आला होतात," ती नवऱ्याला म्हणाली. "मला म्हणालात, मागचं शटर लागलंय का बघून येतो."

"शटरही बघितलं."

"शटर बघायला पाना लागतो?" चिमटीनं विचारलं. "आत काय होतं रे, जे आमच्याआधी तुला काढायचं होतं?"

दादाचा चेहरा लाल झाला. तो आईकडे न बघता बोलला. "काढायचं नव्हतं. आत काही घातलं तर गेलं नाही, एवढंच बघायचं होतं. बोल्ट गंजून घट्ट आहेत ना, की कुणी आधीच ढिले करून ठेवलेत. दोन्ही किल्ल्या तुझ्या-माझ्याकडे आहेत, चिमटे. मी काही केलं नाही हे मला माहीत आहे. राहतं कोण?"

"मी?"

"तू त्यांची लाडकी. लहानपणापासून त्यांच्या पाटाखाली खेळत वाढलीस. काकांचा निरोप आला त्या दिवसापासून तू एकटी इथं उशिरापर्यंत थांबतेस. मी डोळ्यांवर कातडं ओढून बसू?"

चिमटीच्या तोंडावर उत्तर आलं होतं, पण ते तिनं गिळलं. सकाळी तिनंही याच चार बोल्टांवरून, याच किल्लीवरून दादाबद्दल हाच हिशेब मांडला होता. तिच्या हिशेबात फक्त नाव बदललं होतं. आपण अण्णांची मुलं खरी, असं तिला वाटून गेलं. हिशेब दोघांचेही सरळ होते.

"मग इकडे ये," ती म्हणाली. "माझ्या शेजारी उभा राहा. यापुढं जे निघेल ते दोघांच्या डोळ्यांसमोर निघेल."

*

पाया वेगळा झाला. पाणी ओढणाऱ्या पंपाचं झाकण उघडलं. रबरी चाक आत होतं आणि नवं होतं, त्याच्या पात्यांच्या कडा अजून कोरलेल्या वाटत होत्या. एकीकडून मात्र ते वितळून गुळगुळीत झालं होतं. चिमटीनं बोट लावून ते फिरवलं. चाक फिरलं, पण मधला दांडा जागचा हलला नाही.

मिस्त्रीच्या घरात वाढलेल्या माणसाला याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. आईला मात्र सांगावा लागला.

"आई, दांडा फिरला की चाक फिरायला हवं. म्हणून दांड्यात एक खाच असते. त्या खाचेत नखाएवढी एक चावी बसते, अर्ध्या चंद्रासारखी. ती चाकाला दांड्याशी बांधून ठेवते. इथं खाच रिकामी आहे. चावी बसवलेलीच नाही."

"मग पाणी चढलंच नाही?"

"थोडा वेळ चढलं असेल. जुना दांडा खडबडीत असतो, नवं रबर त्याला धरून फिरतं. काठावर ठीक चाललं असेल. मध्यावर गेल्यावर सुटलं."

आईनं मान हलवली. तिच्या मांडीवरची लोकरीचा गुंडा खाली घरंगळला, तो कुणी उचलला नाही.

"म्हणजे काकांनी चावी न घालता बंद केली," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात विजय नव्हता. एवढं चिमटीनंही मनात मान्य केलं. त्याला बरं वाटत नव्हतं, फक्त सुटल्यासारखं वाटत होतं. "रागाच्या भरात विसरले. मुद्दाम केलं असं मी कधीच म्हटलं नाही."

"म्हटलं नाहीस. धक्क्याला म्हणू दिलंस."

पण तिचं अर्धं लक्ष बोलण्यात नव्हतं. चावी कापडावर नव्हती. चावी मोटरमध्येही नव्हती, तळाच्या गाळात तिनं चुंबक फिरवून पाहिला होता. मग चार वर्षांपूर्वी ती काढली तेव्हा ठेवली कुठं? अण्णा कापडावर मांडायचे. काकांना ती रीत पटत नसे. बारीक वस्तू कापडावरून उडतात, असं ते म्हणत. ते बाटलीच्या झाकणात ग्रीस भरून त्यात बारीक भाग रोवून ठेवत, आणि ते झाकण…

ती जुन्या पाटाखाली वाकली. कारखान्यात आता नवा पाट होता, दादानं घेतलेला. हा जुना पाट भिंतीशी सरकवून त्यावर रंगाचे डबे रचले होते. फळीच्या खाली, पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्टीवर, तिनं हात घातला. आधी कोळ्याचं जाळं लागलं, मग थंड पत्रा.

झाकण तिनं अलगद पाटावर ठेवलं. ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट झालं होतं, वर धुळीचा थर. त्या थरातून दोन बारीक स्क्रू आणि एका अर्धचंद्राची कड वर आलेली दिसत होती.

"ज्यानं हे झाकण इथं ठेवलं," ती सावकाश म्हणाली, "तो मशीन बंद करायला बसला असता तर आधी याच्याकडे हात गेला असता. ज्यानं बंद केली त्याला हे झाकण माहीत नव्हतं."

दादानं झाकणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तू हात घातलास आणि निघालं."

"मग?"

"मग काही नाही. मी एवढंच म्हणतो, तू हात घातलास आणि निघालं."

"अहो, जरा हात लावून बघा," वहिनी म्हणाली. ती कधी पुढं आली ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिनं करंगळीच्या नखानं ग्रीस टोचलं, नख आत गेलं नाही. "माझं एक यंत्र दोन वर्षं न वापरता पडलं होतं, त्याचं तेलसुद्धा एवढं आळलं नव्हतं. हे आठवड्याभरात होत नाही. आणि वन्सं धूळ कुठून आणणार, बाजारातून?"

ती नवऱ्याच्या बाजूला उभी होती, पण बोलली नणंदेच्या बाजूनं. आणि मग, जणू तेवढ्यानं तोल गेला असं वाटून, तिनं विचारलं, "पण मग जोडली कुणी?"

त्या वेळी अण्णांखेरीज किल्ल्या होत्या तिघांकडे. काका नसतील तर दादा होता, चिमटी होती. दादानं चिमटीकडे पाहिलं आणि चिमटीनं दादाकडे. चार वर्षं एकाच ताटलीतून मारी बिस्किटं खाल्लेली ही दोन भावंडं एकमेकांच्या हातांकडे बघत होती.

"पॅकिंग काढा," आई म्हणाली.

"काय?"

"दोन पत्र्यांच्या मध्ये तुम्ही कागद घालता ना, पाणी झिरपू नये म्हणून. तो काढा. तू नको, चिमटे. दादाला काढू दे."

दादानं पातळ पातं घेतलं आणि पंपाच्या पत्र्याखाली सरकवलं. पॅकिंग शेलॅकनं, लाखेच्या रोगणानं, चिकटलं होतं. बराचसा भाग कुजून काळा झाला होता, पण शेलॅकच्या थराखाली एक तुकडा शाबूत राहिला होता. तो त्यानं तळहातावर घेऊन उजेडात धरला. कड कात्रीनं कापलेली नव्हती. पत्र्याच्या धारेवर पुठ्ठा ठेवून हलक्या हातोडीनं ठोकत ठोकत तो कापला होता, त्यामुळे कड दबलेली होती.

"ठोकून काढलंय," दादा म्हणाला, आणि त्याचा आवाज खाली गेला. काका कात्री वापरत. तो स्वतः दुकानातून तयार पॅकिंग आणी. चिमटी ब्लेडनं कापी.

आईनं हात पुढं केला. तिनं तो तुकडा उलटा केला. आतल्या बाजूला निळा रंग होता आणि त्यावर पुसट पांढऱ्या रेघा.

"माझ्या चपलांचं खोकं आहे हे," ती म्हणाली.

तिनं अंगठ्यानं त्या रेघा चाचपल्या.

"भाऊजी गेले त्या दिवशी मी यांच्याशी बोलणं बंद केलं. एवढ्याशा शब्दावरून सख्ख्या भावाला घालवलंत म्हणाले. दुसऱ्या दिवशी हे बाजारातून चपला घेऊन आले. माझ्याशी भांडण झालं की चपला आणायचे, माहीत आहे तुम्हाला. माझे पाय दोन आणि चपला बारा जोड." ती किंचित हसली, आणि हसणं तिथंच संपलं. "चपला निळ्या खोक्यात होत्या. खोकं मी टाकायला खाली ठेवलं होतं. तेव्हा भाऊजी इथं नव्हते. ते आदल्या दिवशीच गेले होते."

"अण्णांनी?" दादा म्हणाला. "अण्णांनी दुसऱ्याचं उघडं काम…"

"भावाचं होतं ना. त्याच्यावाचून अडतं, हे दाखवायचं नव्हतं त्यांना." आईनं तुकडा मुठीत मिटला. "आणि जवळचं दिसत नव्हतं. चष्मा घ्या म्हटलं की म्हणायचे, माझ्या बोटांना डोळे आहेत. ती खाच रिकामी आहे हे बोटांना कळलं नसेल. थंडी होती त्या दिवसांत. त्या चपला मी एकदाच घातल्या. काठावर गेले तेव्हा."

*

बऱ्याच वेळानं दादा नव्या पाटाशी जाऊन बसला. तिथलं उंच स्टूल पूर्वी काकांचं होतं. काका गेल्यावर ते त्याचं झालं होतं.

"आई," तो म्हणाला, "काकांना येऊ दे. माझी ना नाही. पण बाहेर काय सांगायचं? रबर खराब निघालं म्हणू. कुणाचीच चूक नाही. नाहीतर उद्यापासून धक्का म्हणेल, ज्यानं रीत घातली त्यानंच मोडली. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही."

"जिवंत माणसानं दिलं होतं," चिमटी म्हणाली. "तेव्हा आपण ऐकलं नाही."

"मी चूक केली. मान्य. पण तू ते धक्क्यावर ओरडून सांगणार आहेस?"

आई एवढंच म्हणाली, "मशीन हिनं खोललंय. काय करायचं ते हिनं ठरवावं." आणि ती वर गेली. थोड्या वेळानं वहिनीही गेली. वरच्या खोलीतून काहीतरी जड वस्तू फरशीवरून ओढल्याचा आवाज येऊ लागला. एक ओढ, विसावा, पुन्हा एक ओढ. दादानं छताकडे पाहिलं आणि तो बायकोच्या मदतीला गेला.

चिमटी एकटी राहिली. संध्याकाळच्या होडीला अजून वेळ होता. तिनं प्रत्येक भाग रॉकेलमध्ये धुतला, पुसला, क्रमानं मांडला. जाम झालेले दट्टे तिनं सकाळीच तेलात भिजत घातले होते, ते आता थोडे हलू लागले होते. हात चालत होते आणि डोकं त्यांच्या मागून चालत होतं. रबर खराब निघालं असं म्हटलं तर काका घरात येतील, पण येतील ते माफी मिळालेल्या माणसासारखे. जेवताना मान खाली घालून बसतील. आणि खरं ओरडून सांगितलं तर ज्यांनी तिला पाना धरायला शिकवला त्यांना ती चव्हाट्यावर आणणार. एकाला उचलायला दुसऱ्याला पाडायचं, हेच या घरानं चार वर्षं केलं होतं.

तिनं पंपापर्यंतचं सगळं तयार केलं. नवं पॅकिंग कापलं, नवी स्प्लिट पिन काढून ठेवली. आणि मग, जिथं चावी बसायची होती तिथं, हात थांबवला. जुना पाट डबे काढून मोकळा केला, मोटरचा उघडा पाया घोडीसकट ओढत त्याच्याशी आणला. कापड पसरलं. झाकण होतं तसंच, धुळीसकट, कापडाच्या अगदी उजव्या टोकाला ठेवलं. शेवटी तिनं रस्त्याकडचं शटर, जे शनिवारी दुपारनंतर अर्धं खाली असे, पूर्ण वर सरकवलं. धक्क्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला थेट पाटापर्यंत दिसेल असं.

दादा खाली आला तेव्हा तिनं हात धुतले होते.

"थांबलीस का? तू खोललंस, तुलाच जोडायचंय."

"मी नाही खोललं," ती म्हणाली.

दादानं कापडाकडे पाहिलं, झाकणाकडे, उघड्या शटरकडे. बाहेर चहाच्या टपरीवर बसलेले दोघे-तिघे नावाडी आधीच माना वळवून आत बघत होते. त्याला कळायला थोडा वेळ लागला.

काका होडीतून उतरले ते रिकाम्या हातांनी. सामान त्यांनी सांगितल्याप्रमाणे होडीतच ठेवलं होतं. ते उंबऱ्यापाशी येऊन थांबले. पूर्वीपेक्षा बारीक झाले होते आणि सदऱ्याची वरची गुंडी वेगळ्या रंगाची होती. आई खुर्चीतून उठली. कुणी कुणाला काही विचारायच्या आत काकांची नजर घोडीवर गेली आणि तिथंच खिळली.

"खोलली कुणी?"

"तुम्ही," चिमटी म्हणाली. "चार वर्षांपूर्वी. मध्ये एकदा चुकून बंद झाली होती. ती चूक आम्ही काढली."

काका पुढं आले. त्यांनी झाकण उचललं, अंगठ्यानं धूळ पुसली. अर्धचंद्राच्या कडेवर अंगठा थांबला. मग त्यांनी पंपाच्या दांड्यातली रिकामी खाच पाहिली. मिस्त्री माणूस, त्यांना कुणी काही सांगावं लागलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून एकापाठोपाठ एक बरंच काही सरकत गेलं, आणि शेवटी जे उरलं तो राग नव्हता.

"दादानं चष्मा घेतलाच नाही शेवटपर्यंत," ते हळूच म्हणाले. दादा म्हणजे त्यांचे दादा, अण्णा.

आईनं मान हलवली.

उंच स्टूल ओढल्याचा आवाज झाला. चिमटीच्या भावानं ते नव्या पाटाकडून उचलून जुन्या पाटाशी आणून ठेवलं, बसायची जागा बाहीनं पुसली आणि तो होडीकडे गेला. टपरीवरच्या नावाड्यांसमोरून त्यानं पत्र्याची पेटी आणि वळकटी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि सगळ्यांच्या देखत घरात आणली.

काका स्टुलावर बसले. ग्रीसमधून चावी काढायला त्यांनी बोट पुढं केलं.

"भाऊजी," आई म्हणाली, "आधी चष्मा."

त्यांनी खिशातून चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, डोळ्यांवर चढवला. मग वाकून त्यांनी चावी खाचेत ठेवली आणि ती बसली की नाही हे आधी बोटानं आणि मग डोळ्यांनी पाहिलं.